सांडा, सांड्याचं तेल आणि आपण नाशिककर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सरपटणाऱ्या प्राण्यांवर बोलायला शाळेत किंवा सोसायटीत गेलं की आधी सापांचे प्रश्न येतात. ते संपले, लोक पांगायला लागले, की कुणीतरी बाजूला घेऊन हळूच विचारतं, "ते सांड्याचं तेल खरं असतं का हो?" विचारणाऱ्याने बाटली पाहिलेली असते, प्राणी पाहिलेला नसतो. म्हणून इथे आधी प्राणी आणि मग बाटली.

सांडा म्हणजे नक्की कोणता प्राणी?

वाळवंटात आणि कोरड्या गवताळ सपाटीवर राहणारा, जाड शेपटीचा, झाडपाला खाणारा सरडा. शास्त्रीय नाव सारा हार्डविकी. जॉन एडवर्ड ग्रे याने १८२७ मध्ये त्याचं वर्णन केलं. भारतात नोकरीला असलेला आणि इथल्या प्राण्यांची चित्रं जमवणारा ब्रिटिश लष्करी अधिकारी थॉमस हार्डविक, त्याच्यावरून हे नाव पडलं. जुन्या पुस्तकांत तो 'युरोमॅस्टिक्स हार्डविकी' म्हणून सापडेल. २००९ मध्ये अभ्यासकांनी त्याला 'सारा' या वेगळ्या प्रजातीत हलवलं. तिच्यात त्याच्यासोबत आणखी दोनच भाईबंद आहेत, आणि ते इराणकडच्या भागातले.

कुळ मात्र ओळखीचं आहे. आपल्या कुंपणावर बसून मान वरखाली करणारा बागेतला सरडा आणि सांडा एकाच कुळातले. पण अंगकाठी पाहिली तर पटणार नाही. सांड्याचं डोकं आखूड आणि बोथट, अंग चपटं, कातडी सैल आणि सुरकुतलेली, रंग वाळूचा. मांडीच्या पुढच्या बाजूला एक काळसर डाग असतो, तो दिसला की ओळख पक्की. नर ४० ते ४९ सेंटिमीटरपर्यंत भरतो, मादी थोडी लहान. शेपटीवर काटेरी खवल्यांची एकामागे एक कडी असतात.

तो नाशिक जिल्ह्यात सापडतो का?

नाही. त्याचा मुलूख म्हणजे कच्छ, राजस्थानातलं थर आणि त्याच्या आसपासचे हरियाणा-पंजाबकडचे कोरडे पट्टे, आणि सीमेपलीकडे पाकिस्तान.

यावर लगेच पुढचा प्रश्न येतो, की नांदगाव, येवला, मालेगाव हे तालुकेही कोरडेच आहेत, मग तिथे का नाही? इगतपुरीच्या मानाने ते कोरडे आहेत हे खरं, पण कोरडं म्हणजे वाळवंट नव्हे. मला विचाराल तर पावसाइतकाच जमिनीचाही प्रश्न आहे. सांडा उभं आयुष्य स्वतः खणलेल्या बिळात काढतो. त्याला खणता येईल इतकी मऊ आणि कोसळणार नाही इतकी घट्ट, सपाट, वाळूमिश्रित जमीन लागते. आपल्याकडे एक तर काळी माती, पावसात फुगणारी आणि उन्हाळ्यात भेगा पडणारी, नाही तर वीतभर मुरमाखाली काळा पाषाण.

मग आमच्या मळ्यात दिसला तो एवढा मोठा सरडा कोण?

जवळजवळ नक्की घोरपड. सिन्नर, येवला, चांदवड, सगळीकडे ती आहे, आणि नदीकाठच्या मळ्यांत, उसात, विहिरीच्या कपारीतही असते. हा गोंधळ इतका नेहमीचा आहे की फरक नीट सांगतो.

घोरपडीची मान लांब, जीभ सापासारखी दुभंगलेली आणि सारखी आतबाहेर होणारी. शेपटी लांब, बाजूंनी चपटी, काटे नसलेली. पूर्ण वाढलेली घोरपड सहज मीटरभर किंवा त्याहून लांब असते. ती मांसाहारी आहे: उंदीर, अंडी, खेकडे, किडे, मेलेलं जनावर, काहीही चालतं. सांड्याला मान जवळजवळ नसतेच, जीभ जाड आणि आखूड असते, आणि तो गवत चरतो. दोघं नातेवाईकही जवळचे नाहीत. राजस्थानात तर वाळवंटी घोरपड सांड्यालाच खाते.

घोरपड म्हटलं की आपल्याला सिंहगड आणि यशवंती आठवते. त्या दंतकथेत खरं किती हा वाद बाजूला ठेवू, पण मराठी माणसाच्या मनात घोरपडीला एक मान आहे. सांड्याच्या वाट्याला अशी कथाच आली नाही. आपल्यापर्यंत तो फक्त बाटलीतून पोचला.

वाळवंटात इतक्या उन्हात तो जगतो कसा?

बिळाच्या जोरावर. प्रत्येक सांड्याचं स्वतःचं बीळ असतं. ते तिरकं, वळणं घेत खाली जातं, लांबी दोन-तीन मीटर होते आणि खोली मीटरभराच्या पुढे. वर जमीन पाय भाजेल इतकी तापलेली असताना खाली हवा गार आणि किंचित दमट राहते. बिळं फार जवळजवळ नसली तरी चांगल्या जागी त्यांची वसाहत होते, पण एका बिळात दोन मोठे सांडे नांदत नाहीत.

सकाळी तो लगेच बाहेर पडत नाही. आधी नाक, मग डोकं, मग बराच वेळ तसाच. त्या वेळी त्याचा रंग गडद, राखाडी-काळपट असतो, म्हणजे ऊन जास्त शोषलं जातं. अंग तापलं की रंग उजळून फिका, पिवळसर होतो. (म्हणजे हो, तोही रंग बदलतो. पण सभोवतालात मिसळण्यासाठी नाही, अंगाच्या तापमानासाठी.) मग चरायला निघतो, आणि तेही बिळापासून फार लांब नाही. भर दुपारी परत आत. उन्हाळ्यात बाहेरची सगळी कामं सकाळ-संध्याकाळ उरकायची, ही रीत आपल्याला मे महिन्यात काही नवीन नाही.

पाण्यासाठी त्याला तळं लागत नाही. बरंचसं पाणी पाल्यातून आणि फुलांतून मिळतं. लघवी पातळ न करता घट्ट पांढऱ्या स्वरूपात टाकायची, ही सरड्यांची सोय इथे फार उपयोगी पडते. या गटातल्या काटेरी शेपटीच्या सरड्यांमध्ये नाकाजवळ ग्रंथी असतात आणि जादा क्षार तिथून बाहेर टाकले जातात.

आणि शेपटी. तिच्यात चरबी साठते. चाऱ्याचे दिवस संपले की हीच शिदोरी. थंडी पडली की सांडा बिळाचं तोंड आतून मातीने बंद करतो आणि उन्हाळ्याची चाहूल लागेपर्यंत पडून राहतो. ते सगळे महिने तो साठवलेल्या चरबीवर काढतो. माणूस त्याच्या मागे लागला तो नेमका याच चरबीसाठी.

तो पूर्ण शाकाहारी आहे का?

मोठेपणी बहुतांशी. गवत, पाला, फुलं, बिया, शेंगा. पिल्लं मात्र किडे बऱ्यापैकी खातात, आणि पावसाळ्यात भुंगेरे, मुंग्या, वाळवी यांचा सुकाळ झाला की मोठेही नाही म्हणत नाहीत. भारतातल्या सरड्यांमध्ये पाल्यावर जगणारा असा हा एकटाच म्हणायचा.

विषारी आहे का? चावतो का?

विष नाही. हातात धरलात तर चावेल, पण तशी वेळ येऊ देत नाही. चाहूल लागताच बिळात. आत शिरून शेपटीने वाट अडवतो आणि ती दोन्हीकडे फटकारतो. काटे लागतात.

पालीसारखी त्याची शेपटी तुटून परत येते का?

नाही. पाल शेपटी टाकून पळते, सांड्याला ते जमत नाही.

पिल्लं किती होतात?

वर्षातून एकदाच अंडी, उन्हाळ्यात, साधारण आठ ते चौदा. पावसाच्या सुमारास पिल्लं बाहेर येतात, म्हणजे कोवळा चारा आणि किडे दोन्ही मिळतात. ती सगळी जगत नाहीत. लगर ससाणा, गरुड, वाळवंटातला कोल्हा, घोरपड, कितीतरी जणांचं पोट सांड्यावर चालतं. थरमध्ये लगर ससाणा तर बऱ्याच अंशी त्याच्यावरच अवलंबून असतो. माळढोकही लहान सांडा गिळतो.

आता मुद्द्याचं. सांड्याचं तेल म्हणजे काय?

सांड्याच्या शेपटीची आणि पोटाची चरबी कढवून काढलेलं तेल. निदान विकणारा तसं सांगतो.

नाशिकमध्ये ज्यांनी बुधवारचा बाजार किंवा जत्रा फिरल्या आहेत त्यांना हे दृश्य ठाऊक असेल. जमिनीवर अंथरलेलं फडकं, जडीबुटी, मुळ्या, काही बाटल्या, स्टोव्ह किंवा मेणबत्तीवर तापत ठेवलेली छोटी कढई, आणि हिंदीत अखंड चाललेलं बोलणं: कमर का दर्द, घुटने का दर्द, आणि मग आवाज खाली आणून तिसरं दुखणं. कधी कधी शेजारी जिवंत सांडे ठेवलेले असतात. माल अस्सल असल्याचा पुरावा म्हणून.

ते सांडे पळून का जात नाहीत, हे फार थोडे लोक विचारतात. त्यांचा कणा मोडलेला असतो. पकडल्यावर पाठीचा कणा निखळवतात, म्हणजे प्राणी मरत नाही आणि हलतही नाही. सरड्याचं शरीर काटकसरीने चालतं, त्यामुळे असा सांडा अन्नपाण्याविना बरेच दिवस जिवंत राहतो, प्रवास करतो, आणि गिऱ्हाईक आलं की त्याच्यासमोर मारला जातो. हे वाचायला बरं वाटत नाही याची कल्पना आहे. पण सांडे "किती शांत बसलेत" असं म्हणत मुलांना दाखवणारे पालक मी पाहिले आहेत, म्हणून स्पष्ट लिहिलं.

पण गुण तर येतो म्हणतात?

सांड्याच्या चरबीत सांधेदुखी किंवा लैंगिक दुर्बलता बरी करणारं काही आहे, असा शास्त्रीय पुरावा नाही. ती चरबी आहे, इतर प्राण्यांच्या चरबीसारखीच मेदाम्लांची बनलेली. शेपटी जाड असते कारण तिच्यात दुष्काळासाठी साठा असतो. त्या जाडपणावरून लोकांनी पौरुषाचा अर्थ काढला आणि त्यावर बाजार उभा राहिला.

मग शेजारच्या काकांचा गुडघा बरा कसा झाला? कोणत्याही कोमट तेलाने रोज पंधरा मिनिटं चोळलं तर सांध्याला तात्पुरता आराम वाटतो. तीळतेलानेही वाटेल. शिवाय गुडघेदुखी आपोआप कमीजास्त होत असते आणि माणूस तेल आणायला जातो तो दुखणं सगळ्यात जास्त असतानाच. त्यानंतर ते थोडं उतरणार, हे ठरलेलं. श्रेय बाटलीला.

दुसऱ्या दुखण्याबद्दल जरा थांबून लिहितो, कारण हळूच विचारणाऱ्यांचा खरा प्रश्न तोच असतो. पुरुषांमध्ये ताठरता कमी होणं हे अनेकदा मधुमेहाचं, रक्तदाबाचं किंवा रक्तवाहिन्यांच्या आजाराचं लक्षण असतं, कधी कधी सगळ्यात पहिलं. काही चालू गोळ्यांमुळेही ते होतं, मनावरच्या ताणानेही होतं. चाळिशीच्या माणसाने वर्षभर तेल चोळत काढलं तर त्या वर्षात साखर वाढत राहते. साखर, रक्तदाब तपासून घ्या आणि डॉक्टरांशी बोला. लाज वाटते हे मान्य, पण फडक्यावरच्या माणसाला सांगता येतं ते डॉक्टरला सांगायला हरकत नसावी. तो बाटलीही काढत नाही.

जाहिरातीचं म्हणाल, तर लैंगिक शक्ती वाढवण्याचा दावा करून औषध विकायची जाहिरात करण्याला १९५४ च्या औषधे आणि जादुई उपाय कायद्यानेच बंदी आहे. सत्तर वर्षं झाली.

बाटलीत खरंच सांडा असतो का?

बाटलीवर ना घटक असतात ना बनवणाऱ्याचा पत्ता. तिच्यात सांडा नसेल तर तुम्ही फसलात, आणि असेल तर तुम्ही गुन्ह्यात सामील झालात. तिसरी शक्यता मला दिसत नाही.

कायदा काय सांगतो?

सांडा आणि घोरपड दोन्ही वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ खाली संरक्षित आहेत. पकडणं, मारणं, जवळ बाळगणं, त्यांचे अवयव, कातडी किंवा तेल विकणं, आणि विकत घेणंही गुन्हा आहे. घोरपड पहिल्या अनुसूचीत आहे. या अनुसूचीतल्या प्राण्यांच्या बाबतीत किमान तीन आणि कमाल सात वर्षं कैद, शिवाय २०२२ च्या दुरुस्तीनंतर किमान पंचवीस हजार रुपये दंड. "मी फक्त घेतलं, मारलं नाही" हा बचाव चालत नाही. आंतरराष्ट्रीय व्यापारावर 'साइट्स' कराराचं नियंत्रण आहे, सांडा त्याच्या दुसऱ्या परिशिष्टात येतो. आययूसीएन या जागतिक निसर्गसंवर्धन संघटनेच्या लाल यादीत, म्हणजे धोक्यातल्या जातींच्या नोंदीत, त्याची नोंद 'असुरक्षित' अशी आहे.

विकणारा दिसला तर काय करायचं?

स्वतः जाऊन भांडू नका, माल हिसकावू नका. तो दहा मिनिटांत गाशा गुंडाळून पुढच्या गावच्या बाजारात बसेल आणि वनखात्याच्या हाती काही लागणार नाही. जागा, वेळ, जमलं तर लांबून फोटो, आणि १९२६ या महाराष्ट्र वनविभागाच्या टोल फ्री क्रमांकावर फोन. पोलिसांचा ११२ ही चालेल. जिवंत प्राणी आहेत हे फोनवर पहिल्या वाक्यात सांगा. दया येऊन ते विकत घेऊन सोडून द्यायचा विचार करत असाल तर तोही सोडा: विकणाऱ्याला त्यातून फक्त विक्री दिसते, कणा मोडलेला सांडा गंगापूरच्या बाजूला सोडून जगत नाही, आणि मुळात ती त्याची जमीनही नव्हे.

२०२७ च्या सिंहस्थाला पंचवटीत आणि त्र्यंबकेश्वरला देशभरातून माणसं येतील. त्यांच्यामागून जडीबुटीवालेही येतील, त्यातल्या काहींच्या फडक्यावर हेच असेल. घाटावर स्वयंसेवक म्हणून काम करायचं ठरवलेल्या पोरांनी हा क्रमांक आत्ताच मोबाइलमध्ये टाकून ठेवावा.

'हत्थाजोडी' म्हणून मिळते तिचा सांड्याशी संबंध आहे का?

सांड्याशी नाही, घोरपडीशी आहे. धनप्राप्तीसाठी देव्हाऱ्यात ठेवायची दुर्मिळ मुळी म्हणून जे विकलं जातं, ते नर घोरपडीचं वाळवलेलं जननेंद्रिय असतं. २०१७ मध्ये हा प्रकार उघडकीला आला आणि देशात ठिकठिकाणी छापे पडले. कुणाच्या देव्हाऱ्यात ती आधीपासून असेल तर वनविभागाशी बोलून जमा करणं बरं.

सांडा घरी पाळता येईल का?

नाही. हौस असलेली तरुण मंडळी मग विचारतात, "परदेशी युरोमॅस्टिक्स चालेल का?" आफ्रिका-अरबस्तानातल्या त्या जाती साइट्सच्या यादीत आहेत. अशा प्राण्यांची नोंदणी केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या 'परिवेश' पोर्टलवर करावी लागते, २०२४ पासून त्यासाठी वेगळे नियम आहेत. कागदपत्रांशिवाय कुणी देत असेल तर तो तस्करीचा माल असण्याची शक्यता मोठी. आणि नोंदणी झाली तरी नाशिकच्या जुलै-ऑगस्टमधल्या दमट, ढगाळ हवेत वाळवंटी सरडा पेटीत ठेवणं मला तरी पटत नाही. दिवे, तापमान, अतिनील किरण सगळं सांभाळावं लागतं, आणि त्याच्यावर उपचार करणारा पशुवैद्य सहज सापडत नाही.

शिकार सोडली तर त्याला दुसरा धोका आहे का?

आहे, आणि तो फडक्यावर दिसत नाही. इंदिरा गांधी कालव्याने थरचा मोठा भाग शेतीखाली आणला. माणसांसाठी ते वरदानच, पण नांगरलेल्या आणि भिजवलेल्या जमिनीत सांड्याचं बीळ टिकत नाही. कच्छच्या बन्नी गवताळ प्रदेशात वेडी बाभूळ पसरली. क्षारभूमी रोखण्यासाठी १९६० च्या दशकात ती मुद्दाम लावली गेली होती, आता ती गवत खाऊन बसली आहे. आपल्याकडेही माळांवर हीच वेडी बाभूळ आहे, त्यामुळे सांगणं सोपं जातं. मोकळा गवताळ माळ म्हणजे पडीक जमीन आणि तिथे झाडं लावणं म्हणजे पुण्य, ही समजूत सांड्यालाही नडते आणि आपल्या ममदापूरच्या काळविटांनाही.

प्रत्यक्ष पाहायचा असेल तर कुठे जावं?

नाशिकहून भूज रस्त्याने साधारण आठशे किलोमीटर. बन्नीत सांडे भरपूर आहेत आणि स्थानिक पक्षीमार्गदर्शकांना त्यांच्या वसाहती ठाऊक असतात. राजस्थानात चुरू जिल्ह्यातलं ताल छापर अभयारण्य उत्तम. तिथे काळवीट पाहायला गेलेल्यांना सांडा वाटेत भेटतो. जैसलमेरचं डेझर्ट नॅशनल पार्कही आहे.

हिवाळ्यात जाऊ नका. आपले लोक दिवाळी-नाताळच्या सुट्टीत कच्छला जातात, रणोत्सव पाहतात आणि "सांडा काही दिसला नाही" म्हणत परततात. तो तेव्हा जमिनीखाली असतो. मार्च ते जून योग्य काळ. सकाळी ऊन चढल्यावर, नऊच्या पुढे. गाडीतूनच पाहा, कारण गाडीला तो फारसा बिचकत नाही, पण माणूस खाली उतरला की गायब. बिळावर किंवा बिळांच्या मधून गाडी घालू नका. एकदा आत गेला तर वीस मिनिटं, अर्धा तास थांबावं लागतं. आधी नाक दिसेल. आणि दुर्बीण न्या, मोबाइलवर काही हाती लागत नाही.